घरटी निम्म्यावर आली म्हणजे कासवं कमी झाली का?

आमच्या किनाऱ्यावर यंदा कासवांची घरटी गेल्या वर्षीच्या निम्मीच सापडली, मग कासवं कमी झाली का, असं तुम्ही विचारलंय. एका हंगामावरून तसं म्हणता येणार नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी एका हंगामात १ ते ३ वेळा अंडी घालते, आणि पुढच्या वर्षी ती येईलच असं नाही. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी तर २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! त्यामुळे घरट्यांचा आकडा हा कासवांचा आकडा नव्हे.

आधी गस्त तपासा. रोज पहाटे अख्खी पुळण चालून झाली का? किती दिवस सुटले? हे वहीत नसेल तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही. उधाणाच्या भरतीत माग पुसले जातात. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरलेलं घरटंही मोजायचं, फक्त ‘फोडलेलं’ असा शेरा मारून.

मादी वर आली आणि अंडी न घालताच परतली, तर तो माग वेगळा लिहा. ही नोंद राहून जाऊ शकते, आणि खरं तर तीच सगळ्यात बोलकी. असे माग वाढून घरटी घटली तर दोष किनाऱ्यात शोधा: दिवे, धूपप्रतिबंधक बंधारा, भरतीरेषेपर्यंत आलेलं सुरूबन, रात्री पुळणीवर फिरणाऱ्या गाड्या. दोन्ही घटत गेले तर वाहून आलेल्या मेलेल्या कासवांची नोंद काढा. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही, बुडून मरतं. म्हणून अंगावर जखम नाही म्हणजे नैसर्गिक मृत्यू, असं लिहू नका.

पिल्लं किती सोडली, एवढ्यावर समाधान मानू नका. शेवटचं पिल्लू बाहेर आल्यावर दोनेक दिवसांनी घरटं उकरा. रिकामी टरफलं भागिले एकूण अंडी, हे खरं प्रमाण. न उबलेली अंडी फोडून पाहा. पूर्ण वाढलेली पिल्लं आत मेली असतील तर उष्णता किंवा आत शिरलेलं पाणी, हे पहिले संशयित. आत काहीच दिसत नसेल तर अंडी फळलीच नव्हती असं लगेच ठरवू नका. अगदी सुरुवातीला मेलेला गर्भ डोळ्यांना दिसत नाही. तिथे अंडी हलवण्यातली चूक आधी तपासा. घातल्यापासून काही तासांतच, न फिरवता, न हिसकता ती हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणात गेली पाहिजेत. गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं उलटलं की तो मरतो. खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, साधारण दीड फूट, आणि तळाशी रुंद हवा. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधलं असल्याने हे सगळं वनविभागाच्या परवानगीनेच.

पुळणीची लांबी, गस्तीचे दिवस आणि अंडी न घालता परतल्याचे माग, दोन्ही वर्षांचे, इथे टाका. मग यंदाच्या आकड्याबद्दल बोलता येईल.