मुंबईत नोकरी सांभाळून बोर्ड गेम्स खेळणं आणि त्यांची परीक्षणं लिहिणं: हा छंद प्रत्यक्षात कसा असतो?

तुम्ही विचारलंय की मोठ्या माणसांनी पट मांडून बसावं एवढं या नव्या बोर्ड गेम्समध्ये काय आहे, मुंबईत त्यासाठी वेळ कुठून काढायचा, परीक्षण लिहिताना नेमकं काय पाहायचं आणि घरच्यांसाठी पहिला गेम कोणता घ्यायचा. मी मुलुंडला राहतो, नोकरी लोअर परळला आहे आणि बरीच वर्षं हा छंद मनापासून करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परीक्षणापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. नवा गेम खेळताना मी जिंकणाऱ्याकडे फारसं बघत नाही, सगळ्यात मागे पडलेल्या माणसाकडे बघतो. जिंकणाऱ्याला बहुतेक सगळेच गेम आवडतात. पण मागे पडलेला माणूस तासाभरानंतरही आपल्या पाळीची वाट बघत असेल, मनात काहीतरी जुळवत असेल, तर तो गेम चांगला. त्याने मोबाइल काढला असेल, तर का काढला ते शोधायचं. माझं निम्मं परीक्षण त्या शोधातच लिहून होतं.

लहानपणी आपण 'व्यापार' खेळायचो ते आठवा. ज्याचं दिवाळं निघालं तो बाहेर, आणि बाकीच्यांचा खेळ पुढे तासभर चालू. 1995 साली जर्मनीत क्लाउस टॉयबर यांचा 'कॅटान' आला, त्यात ही अडचणच ठेवलेली नाही. कुणीही बाद होत नाही. फासे कुणीही टाको, आलेल्या आकड्याच्या जमिनीला लागून ज्यांच्या वस्त्या आहेत त्या सगळ्यांना माल मिळतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही सगळ्यांचे डोळे फाशांवर असतात. शिवाय लागणारा सगळा माल एकट्याला क्वचितच मिळतो, म्हणून सौदे करावेच लागतात. 'दोन मेंढ्या घे, एक वीट दे' असा आरडाओरडा आमच्या मजल्यावर नेहमीचा झाला आहे. कुणाचे तरी दहा गुण झाले की खेळ संपला. जर्मनीत 1979 पासून 'श्पील देस यारेस' नावाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार दिला जातो, तो 1995 मध्ये कॅटानला मिळाला, आणि जर्मनीबाहेरच्या असंख्य घरांत नवे बोर्ड गेम्स पोचले ते याच गेमच्या मागोमाग.

मागे पडलेल्या माणसाचं काय करायचं याची उत्तरं वेगवेगळ्या गेमकारांनी फार वेगवेगळी दिली आहेत आणि मला या छंदातलं सगळ्यात मोठं सुख तिथे वाटतं. अ‍ॅलन मून यांच्या 'टिकेट टू राइड'मध्ये प्रत्येकाने कोणती शहरं रेल्वेने जोडायचं ठरवलंय ते शेवटपर्यंत गुपित राहतं, त्यामुळे आपण हरतोय हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. '7 वंडर्स'मध्ये सगळे एकाच वेळी पान निवडतात, मग सात माणसं असली तरी कुणी ताटकळत नाही. मॅट लीकॉक यांच्या 'पँडेमिक'मध्ये सगळे मिळून रोगाच्या साथींशी लढतात, जिंकले तर सगळे आणि हरले तरी सगळे. इथे मात्र एक धोका आहे. टेबलावरचा अनुभवी माणूस बाकीच्यांच्या चाली सांगायला लागतो आणि उरलेले नुसते हात होतात. आमच्याकडे नियम आहे: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हे मी पँडेमिकवर लिहितानाही ठळक लिहिलं होतं, कारण गेम चांगला असूनही अनेक घरांत तो याच कारणाने कपाटात जातो.

आणि मग 'अ‍ॅग्रिकोला'. ऊवे रोझेनबर्ग यांचा हा 2007 चा गेम माझा अत्यंत लाडका आहे, पण मागे पडलेल्याला तो अजिबात सांभाळून घेत नाही. सतराव्या शतकातलं शेतकरी कुटुंब, चौदा फेऱ्या, त्यात सहा वेळा सुगी. प्रत्येक सुगीला घरातल्या माणसांना जेवू घालायचं. अन्न कमी पडलं तर जेवढं कमी, तेवढी भिकेची पानं घ्यायची आणि प्रत्येक पानाला तीन गुण वजा. साताऱ्याकडचे माझे काका, ज्यांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं, एकदा आमच्याबरोबर बसले. आम्ही घराच्या खोल्या वाढवण्याच्या मागे होतो. काकांनी आधी शेत नांगरून घेतलं, मिळालेला दाणा खाल्ला नाही, पेरला. 'बियाणं खाऊन भागत नाही रे,' एवढंच म्हणाले. गेममध्ये एक दाणा पेरला की शेतात तीन होतात, हे गणित आम्ही नियमपुस्तिकेत वाचलं होतं, पण काकांना ते अंगवळणीच होतं. शेवटच्या सुगीपर्यंत त्यांच्या घरात कुणी उपाशी राहिलं नाही. त्या डावानंतर मी अ‍ॅग्रिकोलाबद्दल जे लिहिलं ते आधी लिहिलं असतं त्यापेक्षा कितीतरी खरं होतं.

म्हणूनच एका बैठकीवर मी कधीच परीक्षण लिहीत नाही. नियमपुस्तिका आधी रात्री एकट्याने वाचतो, सगळ्यांच्या चाली स्वतःच करून बघतो, मग वेगवेगळ्या माणसांबरोबर आणि वेगवेगळ्या संख्येने खेळतो. 'अझूल' घ्या. रंगीत फरशा उचलून भिंत सजवायची, इतका साधा गेम. चौघांत तो निवांत वाटतो. दोघांतच खेळलात तर समोरच्याला नको असलेल्या फरशा त्याच्या गळ्यात मारून गुण वजा करायला लावणं हाच मुख्य खेळ होऊन बसतो. मला तो तसाही आवडतो, पण वाचणाऱ्या नवरा-बायकोला हे आधी कळायला हवं! खोक्यावर छापलेल्या वेळेत नियम समजावण्याचा वेळ बहुधा धरलेला नसतो, तो मी जोडून सांगतो. गेम प्रकाशकाकडून फुकट आला असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगतो.

'बोर्डगेमगीक' या जगभरच्या संकेतस्थळावरची क्रमवारी पाहून गेम घेऊ नका, एवढं कळकळीने सांगेन. तिथे गुण देणारे बहुतेक जण या छंदात मुरलेले असतात. 2023 मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेला 'ब्रास: बर्मिंगहॅम' खरोखर थोर गेम आहे, पण कोळसा, लोखंड, कालवे आणि रेल्वे यांचा तो हिशेब नवख्या माणसाच्या पहिल्याच रविवारी मांडला तर तो पुन्हा येणार नाही.

भाषेचा मुद्दाही आपल्याकडे मोठा आहे. माझी आई इंग्रजी वाचत नाही. अझूलमध्ये खेळताना वाचायला काहीच नसतं, म्हणून ती त्यात आम्हाला सर्रास हरवते. 'कोडनेम्स' मात्र शब्दांचाच खेळ, पंचवीस शब्द मांडायचे आणि एका शब्दाच्या खुणेवरून आपल्या गटाला आपले शब्द ओळखायला लावायचे. त्यासाठी आम्ही कोऱ्या पत्त्यांवर पाट, मान, पार, सूर असे मराठी शब्द लिहिले. आता इंग्रजी पत्ते बाहेर निघतच नाहीत.

मुंबईतल्या वेळेबद्दल: पैसा आणि जागा यांच्यापेक्षा चार माणसं एका वेळी एका ठिकाणी जमवणं जास्त कठीण. आमच्यातला एक डोंबिवलीचा, एक वाशीची, दोघं दादरचे. रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला की मगच बैठकीची वेळ ठरते. आठवड्यातल्या रात्री फक्त अर्ध्या-पाऊण तासाचे गेम, तेही घरातल्यांबरोबर. टेबल लहान असल्याने मोठे पट आम्ही सतरंजीवर मांडतो. पावसाळ्यात पत्ते वाकतात, खोक्यांना बुरशी धरते, म्हणून पत्ते प्लास्टिकच्या पाकिटांत घालतो, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लावत नाही. महागडा गेम घेण्याआधी एखाद्या बोर्ड गेम कॅफेत तो खेळून बघता येतो, तो खर्च मला नेहमीच सार्थकी लागलेला वाटतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. घरात आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर 'कार्कसोन' घ्या. क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा 2000 सालचा गेम आहे. एक चौकोन उचलायचा, आधीच्या चौकोनांना जुळेल असा लावायचा, हवं तर त्यावर आपला माणूस उभा करायचा, बस. दुसऱ्याचा चौकोन कुठे बसेल हे सगळे मिळून शोधायला लागतात, त्यामुळे आजोबांनाही एकटं वाटत नाही. फक्त पहिल्या एक-दोन डावांत शेतकऱ्याचा नियम वगळा. शेतात आडवा ठेवलेला माणूस शेवटपर्यंत तिथेच अडकतो आणि त्याचे गुण मोजणं नवख्यांना किचकट जातं. रस्ते, शहरं आणि मठ एवढ्यावर खेळा, सगळ्यांचा हात बसला की शेतकरी आणा.