जमीन वितळते की पातळ होते?

प्रश्न असा आहे : भूकंपाच्या बातमीत ‘भरावाची जमीन वितळली’ असं छापून आलं. लिक्विफॅक्शनसाठी, म्हणजे हादऱ्यांनी पाणी भरलेली सैल वाळू द्रवासारखी वागू लागते त्यासाठी, हा शब्द चालेल का, की ‘द्रवीकरण’ लिहावं?

‘वितळली’ नको. वितळायला उष्णता लागते, इथे तिचा संबंधच नाही. ‘विरघळली’ही नको, वाळूचा एक दाणाही पाण्यात विरत नाही.

शिगोशीग भरलेला पोह्यांचा डबा आपटला की पोहे खाली बसतात. सैल वाळूही हादऱ्यांनी अशीच बसू पाहते. पण तिच्या फटींत पाणी गच्च भरलेलं असलं, तर तेवढ्या सेकंदांत ते बाहेर पडू शकत नाही. दाण्यांनी एकमेकांवर टेकून पेललेला भार पाण्यावर येतो, पाण्याचा दाब चढतो आणि दाण्यांची पकड सुटते. मग वरची जड इमारत रुतते, कलते; पोकळ, हलकं मॅनहोल मात्र तरंगून वर येतं. ११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियो उपसागराकाठच्या उरायासूत हेच झालं. भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर होतं, पण शहराचा मोठा भाग समुद्रातला गाळ-वाळू उपसून केलेल्या भरावावर वसलेला.

जपानी शब्द आहे ‘एकिजोका’ : एकि म्हणजे द्रव, जो म्हणजे रूप, का म्हणजे होणं. द्रव नव्हे, द्रवरूप! म्हणून माझं मत ‘द्रवीभवन’ला. ‘करण’ म्हटलं की करणारा आला. वायूचं द्रवीकरण कारखान्यात करतात. ‘भवन’ आपसूक होतं, आणि बाष्पीभवनामुळे ते शाळेपासून कानावर आहे.

पण बातमीच्या वाक्यात ‘द्रवीभूत झाली’ जड जातं. तिथे ‘पातळ होणे’ वापरावं. तूप उष्णतेनं पातळ होतं, पिठलं पाण्यानं. कारण काय ते हा शब्द सांगत नाही, आणि तेच इथे सोयीचं. फक्त ‘जमीन पातळ झाली’ लिहू नये, थराची जाडी कमी झाली असं वाटेल. ‘भरावातली वाळू पातळ झाली’ लिहावं.

वाळूच म्हणावं, सरसकट ‘भराव’ नव्हे. चिकट चिकणमाती सहसा अशी पातळ होत नाही, मोठ्या दगडांच्या भरावातून पाणी चटकन निघून जातं. ‘सैल’सुद्धा मोघम शब्द नाही : बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडून नळी ४५ सेंमी ठोकतात, शेवटच्या ३० सेंमीचे ठोके मोजतात. ते ४ ते १० भरले तर वाळू सैल, त्याहून कमी तर फारच सैल.

‘खचणे’ याला पर्याय नाही, ती पुढची पायरी : दाबलेलं पाणी निघून गेलं की जमीन खचते. ते पाणी वाळू घेऊन भेगांतून वर येतं, त्याला भाषांतरात कुणी ‘वाळूची उकळी’ म्हणतात. पुन्हा चूल पेटवलीच! जमिनीतून उसळून येणाऱ्या पाण्याला आपल्याकडे ‘उमाळा’ म्हणतातच, तेव्हा ‘वाळूचे उमाळे’.