संस्थेतून दत्तक घेतलेली कुत्री चार दिवस झाले धड खात नाहीये. ती नखरेल आहे का? काय करावं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: दिवसभर ती भांड्याकडे फिरकत नाही, पण सकाळी उठून पाहिलं तर थोडे दाणे कमी झालेले असतात. बाकीची हकिकत (दीड वर्षाची देशी कुत्री, पंधराएक किलो वजन, ड्राय फूड हुंगते आणि निघून जाते, आई दोन्ही वेळा पोळी-दीड पोळी दुधात कुस्करून हाताने भरवते तेवढी खाते, शेजारचे काका म्हणतात उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल) बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यात अशीच असते. माझ्याकडे अधूनमधून संस्थेची कुत्री तात्पुरती राहायला येतात, त्यामुळे हे सगळं ओळखीचं आहे. रात्री भांडं हलकं होतंय याचा अर्थ तिला भूक आहे आणि ते दाणे तिला चालतातही. फक्त तुमच्यादेखत मान खाली घालून खाण्याइतका तुमच्यावर विश्वास अजून बसलेला नाही.

त्यामुळे नखरेल म्हणायची घाई करू नका. घाबरून न खाणं आणि नखऱ्याने न खाणं बाहेरून सारखंच दिसतं, पण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. घाबरलेल्या कुत्र्याला सूट द्यायची असते, सोकावलेल्याला शिस्त. काकांचा सल्ला दुसऱ्या प्रकारासाठी ठीक आहे. चौथ्या दिवशी तो लावू नका.

भेदरलेल्या जनावराचं शरीर पळायच्या तयारीत असतं. रक्त स्नायूंकडे, पोटाचं काम मंद. परीक्षेच्या सकाळी आपल्याला पोहे घशाखाली उतरत नाहीत, तसंच. संस्थांमधली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशोब सांगतात: तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा अनुभवाचा अंदाज आहे, पण पहिल्या दिवसांत फार अपेक्षा ठेवू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

मात्र आधी आजार नाही ना ते बघा. आपल्याकडे संस्थेतून किंवा रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याने खाणं सोडलं तर माझ्या मनात पहिला संशय गोचीडतापाचा येतो. तो सुरुवातीला फक्त मंदपणा आणि न खाणं एवढ्यावरच दिसू शकतो. तिचा वरचा ओठ हळूच उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. (काही देशी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, मग डोळ्याची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघा.) पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, ताप भरला तर थांबू नका. डॉक्टरांकडे रक्ततपासणीत प्लेटलेट्स मोजून घ्या. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही, गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतो. आणि काही झालं तरी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

ती दाणा तोंडात घेते आणि टाकते, किंवा एकाच बाजूने चावते, असं दिसलं तर दात बघायला सांगा. संस्थेकडून तिची फाइल मागून घ्या: नसबंदी नुकतीच झाली आहे का, जंताचं औषध कधी दिलं, एखादं अँटिबायोटिक चालू आहे का. गोचीडतापावर देतात ते डॉक्सीसायक्लिन रिकाम्या पोटी गेलं तर मळमळतं, आणि मग जेवणाचा वासही नको होतो.

माझी मर्यादा अशी आहे: मोठ्या कुत्र्याने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा एक दिवस पाणीच प्यायलं नाही, तर दवाखाना. उलट्या, रक्ताचे जुलाब, उठून उभं राहता न येणं, यात तासही मोजायचे नाहीत. पिल्लाच्या बाबतीत अर्धा दिवसही खूप झाला, कारण पिल्लांची साखर चटकन उतरते आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणू-आजाराची शंका असतेच. तुमची कुत्री थोडंफार खातेय, पाणी पितेय, शी नीट आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणून पुढचं सांगतो.

भांडं कुठे ठेवलंय? तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी लिहिलंय. तिथून हलवा. सकाळी साडेआठला तुम्ही तिला वाढता, त्याच वेळेला कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि डब्यांची घाई चालू असणार. तुम्हाला त्या शिट्टीचं काहीच वाटत नाही, तिने ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकली आहे. ज्या जागी कान उभे ठेवावे लागतात तिथे कुत्रं डोकं खाली घालत नाही. एखाद्या खोलीचा कोपरा बघा, जिथे तिची पाठ भिंतीकडे राहील आणि समोरून कोण येतंय ते दिसेल. गुळगुळीत फरशी असेल तर खाली पोतं किंवा जुनी सतरंजी अंथरा. पाय सरकतात म्हणून भांड्यापर्यंत न जाणारी कुत्री मी पाहिली आहेत. स्टीलच्या भांड्यावर गळ्यातला बिल्ला आपटून खणखण होते, त्यालाही काही बिचकतात. चार दिवस पसरट प्लास्टिकचं ताट वापरा, नाहीतर सरळ सतरंजीवर दाणे विखरून टाका. देशी कुत्र्यांना हुंगून-शोधून खाणं फार आवडतं, आणि नाक खाली घालून फिरताना ती सैलावतात.

वाढलं की तिथून निघून जा. उभं राहून “खा ना गं, खा ना बाळा” म्हणू नका. एकटक बघणाऱ्या माणसासमोर खाणं हे घाबरट कुत्र्याला धोक्याचं वाटतं. माझ्याकडे आलेला एक काळा कुत्रा दिवा घालवल्याशिवाय घास घेत नसे; मग मी रात्री वाढून, दिवा घालवून झोपायला जायचो. हळूहळू दिवा लावलेला चालू लागला, मग मी दारात बसलेला. तुमचीही रात्री खात असेल तर मुख्य जेवण सरळ रात्रीच द्या आणि वेळ रोज थोडी अलीकडे आणा. शिवाय तुमच्याकडे मे महिन्याचा उकाडा चालू आहे. दुपारी कोणतंच कुत्रं मनापासून जेवत नाही. पहाटे आणि दिवेलागणीनंतर वाढा.

आता काय वाढायचं. संस्थेला फोन करून विचारा की ती तिथे काय आणि किती वाजता खात होती. बहुतेक ठिकाणी मोठ्या पातेल्यात कणी आणि कोंबडीचे पाय-मुंड्या शिजवून गरम गरम वाढतात, सगळी कुत्री शेजारी शेजारी खातात. तिथून आलेल्या कुत्रीला कोरडे, थंड, चिवड्यासारखे दाणे आणि तेही एकटीने, हे जेवण वाटतच नसेल. त्यात अन्न असं अचानक बदललं की पोटही बिघडतं. जुनं नव्वद टक्के आणि नवं दहा टक्के, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा.

तुमच्या घरी मांसाहार चालत नाही, अंडं चालतं. ठीक आहे, अडत नाही. ड्राय फूडवर कोमट पाणी घालून दहा मिनिटं मुरू द्या. वास उठतो, आणि कुत्र्याला चवीपेक्षा वासच आधी पटतो. अन्न अंगाच्या उबेइतकं कोमट असावं, कढत नाही. त्यात एक उकडलेलं अंडं कुस्करून कालवा, किंवा मऊ भात आणि चमचाभर दही, किंवा उकडलेला लाल भोपळा. वरून अर्धा चमचा तूप सोडलं तर बिघडत नाही. कालवताना दाण्यादाण्याला लागेल असं कालवा. वर ठेवलंत तर ती अंडं वेचून घेईल आणि दाणे तसेच ठेवील. मीठ-मसाला नको. तुमच्या ताटातली आमटी नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहे. चॉकलेट नको, शुगरफ्री च्युइंगगम तर घरात उघडं ठेवू नका. मी नाशिकचा, त्यामुळे हे लिहिताना जीवावर येतं, पण द्राक्षं आणि मनुका-बेदाणेही अजिबात नकोत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिऱ्यातले सुद्धा नकोत.

कायमचं शाकाहारी ठेवायचं मनात असेल तर त्यासाठी मुद्दाम बनवलेलं, पोषणाचा पूर्ण हिशोब केलेलं अन्न मिळतं आणि कुत्रं त्यावर जगू शकतं (मांजर नाही). मात्र नुसता वरणभात किंवा दहीभात हे पूर्ण जेवण नव्हे. भूक उघडण्यापुरता तो चांगला. माझं स्वतःचं मत विचाराल तर महिनाभर तरी तिला चिकनचं ड्राय फूड राहू द्या. घर बदललं, माणसं बदलली, त्यात ताटही उलटंपालटं कशाला.

आईंच्या दूधपोळीबद्दल. त्यांना एकदम बंद करायला सांगू नका. आत्ता त्या घरात तिचा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्या हातावर आहे, तो वापरा. पोळीऐवजी कालवलेल्या ड्राय फूडचा घास त्यांच्याच हाताने जाऊ द्या. मग हात भांड्यात ठेवून, मग भांड्याच्या कडेला, मग त्या शेजारी नुसत्या बसलेल्या. दूध मात्र कमी करा, मोठ्या कुत्र्यांना ते बऱ्याचदा पचत नाही आणि जुलाब होतात. दही त्या मानाने सोसतं.

आणि एक हिशोब मांडून बघा. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण 800 ते 850 कॅलरी पुरतात. आईंच्या दोन वेळच्या मिळून तीन पोळ्या आणि कपभर म्हशीचं दूध म्हणजे चारशे-साडेचारशे तिथेच झाल्या. वर कोणी चहाबरोबर बिस्किटं दिली तर एकेका बिस्किटाच्या पंचवीस धरा. उरलेली भूक भागवायला ती रात्री मूठभर दाणे खाते. म्हणजे तुम्हाला वाटतं तेवढी ती उपाशी नाही! ड्राय फूडच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, त्यामुळे नुसतं तेच दिलं तरी दिवसाला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम पुरे. तुम्ही भांडं काठोकाठ भरता आणि उरलेलं बघून घाबरता.

काकांचा सल्ला लागेल तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. ती घरात शेपूट हलवत फिरते, सोफ्यावर चढते, खेळते, पण भांड्याकडे बघून मान फिरवते आणि तुमच्या ताटाशी येऊन बसते, तर समजा की आता भीती गेली आणि हिशेब सुरू झाला. एक म्हातारा लॅब्रॅडॉर माझ्याकडे होता, त्याला आधीच्या घरी पहिलं नाकारलं की दुसरं, दुसरं नाकारलं की तिसरं मिळायचं. त्याने माझ्याकडेही तीच वाट पाहिली. अशा वेळी दिवसातून दोनदा ठरल्या वेळी वाढायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं न बोलता उचलायचं, मधे काही नाही, पाणी मात्र कायम. धडधाकट मोठं कुत्रं एखाददुसरं जेवण चुकवून मुकाट्याने खायला लागतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच हे जमतं. एकाने जरी टेबलाखालून तुकडा सरकवला तर पुन्हा पहिल्यापासून. आजारी, म्हाताऱ्या किंवा औषधं चालू असलेल्या कुत्र्यावर हे करू नये.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. प्राण्यांच्या बहुतेक दवाखान्यांत जमिनीलगतचा काटा असतो. फक्त वजन करायचंय म्हटलं तर सहसा कोणी पैसे घेत नाही. खिशात तिच्या आवडीचं काहीतरी ठेवा, काट्यावर उभी राहिली की द्या, आणि सुई न टोचता तसंच घरी घेऊन या.