वॅक्स वॉर्मरमधलं वास उडालेलं मेण कसं काढावं?

तुमची अडचण अशी दिसते: वॉर्मरच्या, म्हणजे खोलीत सुगंध पसरावा म्हणून मेण वितळवणाऱ्या उपकरणाच्या, वाटीतल्या मेणाला आता वास येत नाही, सुरीने खरवडलं तर वाटीला चरे पडतात आणि गरम मेण ओतून द्यायची भीती वाटते.

सुरी आधी बाजूला ठेवा. ओतायची भीती वाटते ती बरोबरच आहे, पण ओतायची वेळच येणार नाही. हे मेण एकतर पूर्ण पातळ असताना टिपून घ्यायचं, नाहीतर पूर्ण घट्ट झाल्यावर अख्खी चकती सोडवून घ्यायची. मधल्या अर्धवट मऊ अवस्थेत हात घातला की ते नखांत, टेबलावर, सगळीकडे लागतं आणि वाटीत मात्र तसंच राहतं.

पण टाकण्याआधी एक खात्री करून घ्या. वॉर्मरमध्ये मेण जळत नाही, फक्त वितळतं. उडून जातं ते सुगंधी तेल. म्हणून वाटीत मेण पहिल्याइतकंच दिसतं आणि आपण ‘अजून चालेल’ म्हणून ठेवून देतो. उलटही होतं. त्याच खोलीत तासन्‌तास बसलं की नाक त्या वासाला सरावतं, आणि मेणात सुगंध शिल्लक असूनही तो जाणवत नाही. वॉर्मर चालू ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन या. परत आल्यावर दारातही वास आला नाही, तर मेण खरंच संपलं. त्यात सुगंधी मेणाची नवीन वडी टाकून जुनं खपवण्यात अर्थ नाही. नवा सुगंध जुन्या मेणात पातळ होतो आणि दोन्ही वाया जातात.

आता पद्धती. मला सगळ्यात आवडते ती चकती सरकवण्याची, कारण तिला वेगळं काहीच लागत नाही. मेण पूर्ण थंड आणि घट्ट होऊ द्या. मग वॉर्मर पुन्हा थोडाच वेळ चालू करा. उष्णता खालून येते, त्यामुळे वाटीला चिकटलेला पातळ थर आधी वितळतो आणि वरची चकती अजून घट्टच असते. कडेला ओलसर चमक दिसू लागली की बोटाने चकतीची एक बाजू हलकेच दाबून बघा. ती वाटीत फिरायला लागली म्हणजे वेळ झाली. वॉर्मर बंद करून प्लग काढा आणि चकती कागदावर सरकवून घ्या. वाटी सुटी होत नसेल तर एका कडेला दाबा, दुसरी कड आपोआप वर येते, तिथून उचला. खाली उरलेला ओला थर टिश्यूने लगेच पुसून घ्या, गार झाला की तो पुन्हा चिकटून बसेल. किती मिनिटं लागतील ते वॉर्मरवर आहे: गरम तव्यासारखी पट्टी असलेले लवकर तापतात, बल्बवाले सावकाश. घड्याळापेक्षा त्या कडेच्या चमकेवर लक्ष ठेवा. उशीर झाला आणि सगळंच वितळलं तरी बिघडत नाही, खालची कापसाची पद्धत वापरा.

वाटी खोल असेल आणि चकतीला बोट लागत नसेल, तर मेण पातळ असतानाच त्यात जाड दोऱ्याचा एक फास सोडून ठेवायचा, टोक बाहेर. घट्ट झालं की वरच्यासारखंच थोडं तापवून दोऱ्याने चकती वर ओढायची. पण दोरा घालण्याआधी वॉर्मर बंद हवा, आणि टी-लाइटचा (खाली छोटी बुटकी मेणबत्ती लावायचा) असेल तर ज्योत विझवलेली हवी. मेणात बुडालेला दोरा म्हणजे सरळसरळ वात आहे.

कापसाचंही तसंच. ही पद्धत सोपी आणि बहुतेकांना माहीत असलेली: मेण पातळ झालं की वॉर्मर बंद करायचा, वाटीत कापसाचे बोळे टाकायचे, ते मेण पिऊन घेतात. मग चिमट्याने उचलून कागदावर ठेवायचे. मेण नुकतंच वितळलेलं असलं तरी बोटाला चटका देऊ शकतं, म्हणून चिमटा. टी-लाइट पेटती असताना हे कधीही करू नका, आणि मेण प्यायलेले बोळे पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. वाटी वॉर्मरला कायमची जोडलेली असेल किंवा मेण मऊ जातीचं असेल तर हाच उपाय सगळ्यात खात्रीचा. फक्त दर वेळी कापूस वाया जातो, म्हणून माझ्याकडे तो दुसऱ्या क्रमांकावर.

फ्रीझरची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चालते, पण अटींसह. गार होताना मेण वाटीपेक्षा बरंच जास्त आकसतं, त्यामुळे कडेने सुटतं आणि वाटी उलटी करून टिचकी मारली की चकती बाहेर पडते. मात्र वाटी सुटी हवी. वायर किंवा बल्ब असलेलं काहीही फ्रीझरमध्ये जाता कामा नये. वाटी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण गरम चिनीमाती किंवा काच एकदम थंडीत गेली तर तडकू शकते. बाहेर काढल्यावरही तेच: थंडगार वाटी लगेच तापलेल्या वॉर्मरवर ठेवायची नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही.

ही युक्ती एकीला जमते आणि दुसरीला जमत नाही, याचं कारण बहुधा मेणाच्या जातीत असतं. पॅराफिन कडक असतं, त्याचे प्रकार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात आणि ते छान अख्खं सुटतं. सोयाचं किंवा नारळाच्या तेलाचं मिश्रण असलेलं मेण मऊ, चिकट राहतं आणि फ्रीझरमधून काढल्यावरही तुकड्यातुकड्यांनीच निघतं. पाकिटावर सोया लिहिलं असेल तर फ्रीझरच्या नादी न लागता थेट कापूस घ्या.

मेण सिंकमध्ये ओतू नका, वरून उकळतं पाणी सोडूनसुद्धा नाही. उकळत्या पाण्याने ते तेवढ्यापुरतं वितळून पुढे जातं, आणि पाइपमध्ये जिथे पाणी गार होईल तिथे थिजून बसतं. मग तुंबलेली जागा हाताला येण्यासारखी नसते. मेण वितळवायला वाटी मायक्रोवेव्हमध्येही घालू नका. पॅराफिनला मायक्रोवेव्ह जवळजवळ तापवतच नाही, वाटी मात्र तापू शकते, आणि तिच्यावर सोनेरी-चंदेरी नक्षी असेल तर ठिणग्या उडतात. विजेचा वॉर्मर नळाखाली धरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

निघालेली चकती सुक्या कचऱ्यात टाका. फेकायचं जिवावर येत असेल तर एक तुकडा ठेवून द्या. अडकणाऱ्या लाकडी खणाच्या कडेला किंवा बॅगेच्या चेनच्या दातांवर घासला की दोन्ही सुरळीत सरकतात. त्यात वात घालून मेणबत्ती करायचा सल्लाही मिळेल, तो मी मानत नाही. वॉर्मरच्या मेणातला रंग आणि सुगंध वातीवर जाळण्याच्या हिशोबाने घातलेला नसतो, आणि धूर होण्याचीच शक्यता जास्त.

दर वेळची ही कटकटच नको असेल तर वॉर्मरच्या मापाची सिलिकॉनची वाटी बघा. मेण गार झालं की ती मुरडायची, चकती सुटून येते. त्याऐवजी कागदी किंवा अॅल्युमिनियमचे कप घालणारेही आहेत, पण कागद मेण शोषतो आणि टी-लाइटच्या वॉर्मरमध्ये मला तो धोकादायक वाटतो.

शेवटचं काम, जे बरेच जण सोडून देतात. मेण निघालं तरी वाटीला सुगंधी तेलाचा पुसट थर राहतो आणि पुढच्या वडीला जुना वास लागतो. वाटी कोमट असताना कोरड्या टिश्यूने पुसा. सुटी वाटी नंतर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुता येते, कारण आता तिच्यावर नावापुरतंच मेण आहे. जोडलेल्या वाटीला कापसावर थोडं रबिंग अल्कोहोल (सर्जिकल स्पिरिट) घेऊन पुसा. पण त्या वेळी प्लग काढलेला, वाटी पूर्ण गार आणि आसपास ज्योत नाही असं असू द्या, आणि अल्कोहोल उडून वाटी कोरडी झाल्याशिवाय वॉर्मर लावू नका.