टेंडर भरण्याआधी एवढं वाच

अंबडला गाळा घेतलास, आता ओझरच्या एचएएलचं (सरकारी विमान कारखान्याचं) नाहीतर नाशिकरोडच्या नोट प्रेसचं काम हवंय, तर आधी उद्यम नोंदणी कर, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. ती फुकट होते, एजंटच्या नादी लागू नकोस. नोंद मात्र उत्पादक म्हणून हवी. नुसत्या ट्रेडरला खरेदीतल्या सवलती मिळत नाहीत.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना टेंडर फॉर्म मोफत, टेंडरसोबत भरायची अनामत (ईएमडी) माफ. (काम मिळाल्यावर भरायचं सिक्युरिटी डिपॉझिट माफ नाही हं, इथे बरेच जण फसतात.) सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा आला आणि तुझा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर त्या दरावर उतरून कामाचा वाटा मागता येतो. म्हणून उगाच पडेल भावात दर टाकू नकोस.

खरी गंमत पैसे निघताना. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण माल पोचल्याचा पुरावा हवा. गेटवर डिलिव्हरी चलनाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नकोस. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो. पैसे अडलेच तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज कर. साहेब नाराज होतील म्हणून लोक कचरतात. माझ्या मते आधी एक सभ्य पत्र द्यावं, मग अर्ज.