ग्रीसला पहिल्यांदाच शिडाच्या बोटीवर जाताय?

मित्रांसोबत आठवडाभर बोटीवर, बेत झकास आहे. फक्त फोटो बघून थेट मिकोनोस-सांतोरिनीचा मार्ग आखू नका. ही बेटं एजियन समुद्रात आहेत, आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. ऊन लख्ख, आभाळ निरभ्र, आणि तरी बोट बंदरातच अडकून पडते. नवख्यांनी अथेन्सजवळचं सारोनिक आखात धरावं: एजिना, पोरोस, हायड्रा. नाहीतर पश्चिमेची आयोनियन बेटं. जून किंवा सप्टेंबर गाठलात तर उत्तमच.

बोट चालवायचा परवाना नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्याच. खर्च सगळ्यांत वाटला की जाणवत नाही. त्याला झोपायला जागा लागते, हे बोट निवडतानाच मोजा.

हमखास होणाऱ्या चुका:

- कडक सुटकेस. ठेवायला जागाच नसते. घडी होणारी बॅग आणा.
- संडासात कागद टाकणं. नळी बारीक असते, तुंबली की सगळ्यांचीच पंचाईत.
- रोज लांबचा पल्ला. 15-20 सागरी मैल भरपूर झाले. हायड्राचं बंदर इवलंसं आहे, संध्याकाळी पोचलात तर जागा विसरा.

धक्क्याला लागताना नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, नांगर सोडून बोट उलटी मागे घेतात. तेव्हा बोलायचं फक्त स्किपरने! आणि बोट धक्क्यावर आपटेल असं वाटलं तरी हातापायांनी अडवायला जाऊ नका, बोटं चिरडतात. बोटीच्या कडेला फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, त्यासाठीच टांगलेले असतात.

शिडांचं तिथे गेल्यावर शिकाल. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र आजच बघा.