स्विंडनहून एका दिवसात : ॲव्हबरीचे दगड आणि पब

सासूसासरे जुलैत येतायत, गाडी नाहीये, इंग्लंडातल्या स्विंडनहून एका दिवसात होईल असं जुनं गाव आणि खराखुरा इंग्लिश पब सांगा असं विचारलंयत, तर डोळे झाकून ॲव्हबरी, उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळातलं गाव. स्टोनहेंजला तिकीट काढून दगड दोरीपलीकडून बघायचे. इथे तिकीट नाही, दगडाला हात लावा, टेकून डबा खा, फार तर मेंढ्या बघतील.

डिव्हायझेसला जाणारी ४९ नंबरची बस घ्या, अर्ध्या-पाऊण तासात गावात सोडते. दगडांचं वर्तुळ एवढं मोठं आहे की अर्धं गाव आणि हमरस्ता त्याच्या आतच आलाय. भोवतीचा खंदक लोकांनी हरणाच्या शिंगांनी खणलेला, साडेचार हजार वर्षांपूर्वी. मधल्या काळात गावकऱ्यांनी बरेच दगड पुरले, काही तापवून फोडले आणि घरांच्या भिंतीत घातले, मग १९३० च्या दशकात मार्मलेडवाल्या (संत्र्याचा मुरंबा) घराण्यातल्या अलेक्झांडर केलरने जमीन विकत घेऊन पुरलेले दगड परत उभे केले. जे सापडले नाहीत तिथे सिमेंटचे छोटे खांब आहेत. १९३८ ला एका दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला, जवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी, म्हणून त्या दगडाला बार्बर स्टोन म्हणतात, तो सासऱ्यांना नक्की दाखवा.

आता पब. रेड लायन वर्तुळाच्या आतच आहे, गवताचं छप्पर, आत एक जुनी विहीर आणि तिच्यावर काच टाकून टेबल केलंय. ते टेबल मिळालं तर सोडू नका. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची. सासऱ्यांना हँडपंपची एल (बारवरच्या दांड्याने उपसून देतात ती पारंपरिक बिअर) घ्यायला लावा पण आधीच सांगून ठेवा की ती तळघराच्या तापमानाची असते, नाहीतर 'गरम बिअर दिली' म्हणून तोंड वाकडं करतील. घोटभर चव मागितली तर बहुतेक वेळा देतात. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा पहिल्यांदा हाफच. सासूबाई शुद्ध शाकाहारी असतील तर चिप्स (म्हणजे इथले फ्रेंच फ्राइज) कोणत्या तेलात तळल्या हे विचारा, बऱ्याच ठिकाणी मासे त्याच तेलात असतात, आणि रविवारच्या रोस्टची (भाजलेल्या मांसाचं नेहमीचं जेवण, व्हेजही मिळतं) ग्रेव्ही व्हेज आहे का तेही.

चालणारे असतील तर जेवणाआधी सिल्बरी हिल आणि वेस्ट केनेट लाँग बॅरो (मातीच्या लांब ढिगाऱ्याखालचं प्राचीन थडगं) उरकून घ्या, जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर. सिल्बरी ही माणसांनी रचलेली टेकडी, आत काय आहे म्हणून लोकांनी १७७६ पासून भुयारं पाडली, खजिना काही निघाला नाही, उलट २००० साली माथ्यावर खड्डा पडला. वर चढायला बंदी आहे, खालूनच फोटो. बॅरो मात्र आत शिरून बघता येतं, साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी खोल्या, फोनचा टॉर्च लावा आणि डोकं सांभाळा. पाऊस झाला असेल तर वाटेत चिखल होतो, सासूबाईंना चपलांवर नेऊ नका.

दुसरा पब हवा असेल तर बेकहॅम्प्टनचा वॅगन अँड हॉर्सेस, जाडजूड दगडी भिंतींचा, डिव्हायझेसच्या वॉडवर्थ ब्रुअरीचा. पण निघायच्या आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा, रविवारी बसेस कमी असतात.